अनाथ कोणाला म्हणायचं?



आज गोष्ट सांगायची आहे पुण्यातल्या सदाशिव पेठेची. पण सुरुवात आपल्या गटाच्या वहीपासून करते.

मार्चची बैठक होती. सचिवताईंनी हप्ते वाचून दाखवले. एका ताईचे सलग तीन हप्ते थकले होते. आपल्या नियमाप्रमाणे दंड बसतो. दोघी-तिघी म्हणाल्या, "लावा दंड." मीही मान हलवली, कारण नियमाचा कागद मीच लिहून दिलेला. तेवढ्यात मागून एकजण हळूच म्हणाली, "ती संक्रांतीपासून बैठकीलाच येत नाही. हळदीकुंकवाला आपण तिला बोलावलं कुठे होतं?"

तिचा नवरा दिवाळीच्या आधी गेला. हळदीकुंकवाची यादी मी केली होती आणि तिचं नाव त्यात नव्हतं. मी काही मुद्दाम गाळलं नव्हतं. लिहिताना मनातच आलं नाही. मुद्दाम केलेलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी दंडाचा निर्णय पुढे ढकलला. पुढच्याच आठवड्यात हिशेबाच्या प्रशिक्षणासाठी मला दोन दिवस पुण्याला जायचं होतं, सदाशिव पेठेत. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी मी त्या गल्ल्यांतून फिरले. बी.ए.ला इतिहास होता माझा, पण तेव्हा सनावळ्या पाठ केल्या आणि परीक्षा झाल्यावर विसरले. या वेळी डोक्यात ती यादी होती, म्हणून प्रत्येक पाटी वेगळी दिसायला लागली.

सदाशिव पेठ हे नाव सदाशिवरावभाऊंचं. १७६१ साली पानिपतावर जे गेले, ते भाऊ. त्यांच्या नावाने माधवराव पेशव्यांच्या काळात ही पेठ वसली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. आपला नवरा मेला, हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही. त्या सौभाग्यवतीसारख्याच राहिल्या. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याचं मोठं बंड झालं, तोही इतिहास आहे. पानिपतात हजारो घरांतले पुरुष गेले. त्या घरांतल्या बायकांना "मी नाही मानत" असं म्हणायची सोय नव्हती. पेशव्यांच्या वाड्यात ती होती. ज्या पेठेत पुढे विधवांसाठी एवढं काम झालं, तिचं नाव अशा माणसाचं आहे, याचं मला वाटेत चालताना नवल वाटत राहिलं.

आता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पेठ डोळ्यांसमोर आणा. वाडे, चौक, आड, ओवऱ्या. बहुतेक वस्ती ब्राह्मणांची. शाळा-कॉलेजं पुण्यात, म्हणून कोकणातून आणि देशावरून गरीब घरांतली मुलं शिकायला येत. खिशात पैसे नसत. मग ती जेवत कशी? दोन रिती होत्या. पहिली माधुकरी. मुंज झालेला मुलगा सोवळं नेसून, झोळी घेऊन, ठरलेल्या चार-पाच घरांच्या दारात उभा राहायचा. "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणायचा. कोणी भात घालायचं, कोणी पोळी, कोणी आमटी-भाजी. ते खोलीवर नेऊन खायचं. दुसरी रीत वारांची. मुलगा सात घरं धरायचा. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा पुरा करायचा. याला म्हणायचे "वार लावून जेवणं". एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी उपास, नाहीतर चुरमुरे.

आपण गटाच्या बायका आहोत, हिशेब आपल्याला कळतो. एका घरावर पूर्ण मुलगा पोसायचा बोजा पडला असता, तर फार थोड्यांनी तो उचलला असता. सात घरांत वाटला, तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यातून एक पान. रोख पैसा कोणी द्यायचा नाही, रांधलेल्या अन्नातलं द्यायचं. सरकारचा यात संबंध नाही, अर्ज नाही, दाखला नाही. अशा जेवणावर मुलं शिकली आणि वकील, मास्तर, कारकून झाली. सगळीच घरं काही प्रेमाने वाढत नसतील, कुठे बोलणीही खावी लागत असतील. तरीही ही एक व्यवस्था होती. आपण आज दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून एकीची अडचण भागवतो, त्याच जातीची.

जात हा शब्द तोंडातून गेला, तर तेही सांगते. हे पान सगळ्यांसाठी नव्हतं. मुलगा हवा, ब्राह्मणाचा हवा, मुंज झालेला हवा. मुलीने वार लावून शिकल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. आणि ज्याला आपण बहुजन म्हणतो, त्यातल्या हुशार मुलाला त्या वाड्याची पायरी चढून जेवायला बसता येत नव्हतं. अडचणीतल्याला धरणारी जाळी होती, पण जिच्या भोकांतून बाकी सगळे खाली पडत होते, अशी.

आणि ते अन्न रांधत कोण होतं? पुष्कळ घरांत त्याच घरातली विधवा. आत्या, मावशी, काकू, कोणाची तरी सून. आठ-नऊ वर्षांची असताना लग्न, बारा-तेराव्या वर्षी नवरा गेला, कधीकधी संसार सुरू होण्याआधीच. मग डोक्याचे केस काढायचे आणि दर थोड्या दिवसांनी न्हाव्यापुढे बसायचं. अंगावर लाल आलवण. एक वेळचं जेवण. मंगलकार्यात समोर यायचं नाही, प्रवासाला निघालेल्याच्या आडवं जायचं नाही. पण सोवळ्यातला स्वयंपाक मात्र तिच्याच हातचा हवा, कारण ती पवित्र! तोंड अशुभ आणि हात शुद्ध. ही वाटणी ज्याने केली, त्याचं गणित मला कधी सुटलेलं नाही.

तिच्या नावावर काही नसायचं. घराण्याच्या इस्टेटीतून अन्नवस्त्र मिळायचं, तेही सासरच्यांनी दिलं तर. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा झाला. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की पुन्हा लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क गेला. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने उंबऱ्यावर खड्डा खणायचा, अशातला हा प्रकार.

या बायकांसाठी पहिलं दार उघडलं, ते सदाशिव पेठेत नव्हे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गंज पेठ आहे. तिथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. घरातल्याच कोणाकडून फसवली गेलेली तरुण विधवा गरोदर राही. मग एक तर ती जीव देई, नाहीतर मूल मारी. पकडली गेली तर शिक्षा तिलाच, फसवणारा मोकळा. फुल्यांनी सांगितलं, इथे या, बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवून जा. येणाऱ्या बहुतेक ब्राह्मण विधवा होत्या आणि त्यांची बाळंतपणं करणारी माळ्याची सून होती. तिथे आलेल्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले पती-पत्नींनी दत्तक घेतला. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या पोराला जन्मताच मारून टाकलं गेलं असतं, ते प्लेगमध्ये माणसं वाचवत होतं. शाळेच्या पुस्तकात सावित्रीबाईंची शाळा असते, अंगावर टाकलेलं शेण असतं. हे बाळंतपणाचं घर दोन ओळींत उरकतात. मला विचाराल तर ते काम शाळेपेक्षा कणभरही कमी धाडसाचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. केशवपन करायचं तर वस्तरा धरणारा हात लागतो. १८९० साली मुंबईत न्हावी मंडळींची सभा झाली. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे तिच्यामागे होते. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं त्या सभेत ठरलं. शिकल्यासवरल्यांच्या व्याख्यानांपेक्षा मला ही सभा मोठी वाटते. त्यांच्या पोटाचा तो धंदा होता.

आता पेठेकडे परत येऊ. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि लवकरच ते पुण्यात आणलं. विधवांनी राहायचं आणि शिकायचं. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पण रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. सदनातल्या मुलीही ख्रिस्ती होणार, असा बोभाटा पुण्यात झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली आणि पुष्कळ घरांनी मुली काढून नेल्या.

याच गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केलं. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. पहिली बायको वारलेली. बिजवराने कुमारिका करायची, असा तेव्हाचा रिवाज. त्यांनी ठरवलं, केली तर विधवाच करीन. लग्नानंतर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, घरातले त्यांना बया म्हणत. कोकणात मुरूडला कर्व्यांचं घर. तिथल्या गावकऱ्यांनी ठराव करून बहिष्कार टाकला. मुलगा घरी उतरला तर आईवरही बहिष्कार! आपल्याकडे कोणी वाळीत टाकलं म्हणून अजून बातम्या येतात, तेव्हा मला मुरूडच्या त्या म्हातारीची आठवण होते.

कर्व्यांना लौकरच एक गोष्ट उमगली. विधवांची लग्नं लावून लावून किती लागणार? वर्षाला बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्या हजारो तशाच राहणार. कोणाला पुन्हा लग्न करायचंच नसेल. कोणाच्या पदरात मूल असेल. त्यांनी खायचं काय? म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. शहरात भाड्याच्या घरात आश्रम सुरू झाला. पुण्यात प्लेग ठाण मांडून बसला होता. १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला. गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर माळरान आणि साडेसातशे रुपये दिले होते. तिथे पाचशे रुपयांत एक झोपडी उभी केली. कॉलेज संपलं की कर्वे चार मैल चालत हिंगण्याला जायचे, बायकांना शिकवायचे. आज तिथे मोठमोठ्या इमारती आहेत आणि दारातून जाणाऱ्या बसचा धूर आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आश्रमाचा आणि पुनर्विवाहाचा संबंध नाही, असं कर्व्यांनी ठरवून टाकलं होतं. शारदा सदनाचं काय झालं, ते त्यांनी पाहिलं होतं. मुलीला पाठवणाऱ्या बापाला भीती वाटू नये, हा त्यांचा हिशेब. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केलं, त्यालाच हे वेगळं ठेवावं लागलं. काहीजणी याला माघार म्हणतील. पण गावात काम करणाऱ्या कोणत्याही बाईला हा हिशेब ओळखीचा वाटेल. सुनेला बैठकीला पाठवावं म्हणून सासूसमोर आपण "पापडाचं प्रशिक्षण आहे" असं सांगतोच ना?

या आश्रमात घडलेली एक बाई म्हणजे पार्वतीबाई आठवले, बयांची धाकटी बहीण. वयाच्या विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. पंचविशी उलटल्यावर त्यांनी पुण्यात येऊन अभ्यासाला सुरुवात केली. पुढे आश्रमासाठी पैसे गोळा करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि गावोगाव, प्रांतोप्रांत फिरल्या. डोक्यावर पदर, अंगावर विधवेचा वेष, आणि सभेत उभं राहून भाषण. कित्येक वर्षांनी त्यांनी केस राखायला सुरुवात केली, ती स्वतःच्या मनाने. १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, इंग्रजी शिकायला त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी कामं केली. परत आल्या, त्या आश्रमासाठी पैसे घेऊनच. "माझी कहाणी" या पुस्तकात त्यांनी सगळं लिहून ठेवलं आहे. गटात वाचायला हे पुस्तक अवश्य आणा.

आता नाव बघा. अनाथ बालिकाश्रम. पार्वतीबाई अनाथ होत्या का? आई-वडील होते, भाऊ होते, बहीण होती, मुलगा होता. तरी त्या अनाथ, कारण नवरा नाही. ज्याला आपण नाथ म्हणतो, तो गेला की बाई अनाथ. मी त्या दिवशी रस्त्यात उभी राहून हा शब्द मनात पुन्हा पुन्हा फोडून पाहिला. आपण तो किती सहज वापरतो!

मुलांसाठीही हाच शब्द वापरला गेला. १९०९ साली दादासाहेब केतकरांनी अनाथ विद्यार्थी गृह सुरू केलं. घरोघरी झोळी घेऊन हिंडणाऱ्या मुलांना एका जागी राहायला, जेवायला मिळावं, म्हणून. त्यातल्याही पुष्कळांचे आई-बाप गावी होते, फक्त गरीब. संस्थेने सदाशिव पेठेत बस्तान बसवलं, लोकसंग्रह नावाचा छापखाना चालवला, पुस्तकं छापली. आज तिचं नाव पुणे विद्यार्थी गृह आहे. अनाथ शब्द पाटीवरून गेला. कर्व्यांच्या संस्थेच्या नावातूनही गेला, आता तिला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणतात. ज्यांच्यासाठी संस्था काढली, त्यांना ते नाव बोचत असणार, हे चालवणाऱ्यांना कधीतरी कळलंच.

पण गंमत अशी की त्याच १९०९ साली, २ ऑक्टोबरला, पुण्यात तिसरी संस्था निघाली, आणि तिने नाव निवडतानाच हा घोळ टाळला. सेवासदन. पेठेच्या कडेने जाणाऱ्या लक्ष्मी रस्त्यावर आजही सेवासदन चौक आहे. तिच्या मागे रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर होते.

रमाबाई सातारकडच्या देवराष्ट्र्याच्या. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्याबद्दल छळलं. १९०१ साली रानडे गेले. रमाबाई चाळिशीच्या आतल्या विधवा. पैशाची ददात नव्हती, कोपऱ्यात बसून जप करत राहिल्या असत्या तर पुण्याने त्यांना नावाजलंच असतं. त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जात. दुष्काळात मदतीला जात. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या बायका घेऊन वारकरी बायकांची व्यवस्था बघत.

सेवासदनात शिवण होतं, प्राथमिक शिक्षिका तयार करणं होतं आणि परिचारिकांचं शिक्षण होतं. यातल्या परिचारिकांबद्दल जरा थांबून सांगते. चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे त्या काळच्या पेठेला कसं वाटलं असेल, विचार करा. तरीही सेवासदनने आपल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकायला पाठवल्या. जिचं तोंड सकाळी बघायचं नाही, तीच बाई आजाऱ्याला उशाशी हवीशी झाली. आणि महिनाअखेर तिच्या हातात पगार आला. शिवणारी, शिकवणारी, शुश्रूषा करणारी. नावात सेवा, म्हणजे ही घेणारी नाही, देणारी. रमाबाईंनी एवढा विचार करून नाव ठेवलं असेल की नाही, मला सांगता येणार नाही. हे नाव मुंबईत आधी निघालेल्या सेवासदनाचं होतं, तेच पुण्यात आलं. पण काम त्या नावाला शोभलं, एवढं नक्की.

देवधरांबद्दल एकच. ते सहकारी पतपेढ्यांच्या चळवळीतले मोठे कार्यकर्ते होते. सावकाराच्या कर्जातून माणूस सोडवायचा, तर दहाजणांनी मिळून पैसा उभा करायचा, हे ते महाराष्ट्रभर सांगत फिरले. म्हणजे आपल्या गटांचे ते चुलत आजोबाच म्हणा ना.

या तिन्ही संस्थांचं कौतुक करताना मला माझ्या आजीचीही आठवण येते. ती कुणब्याची. तिच्या माहेरी विधवेचा पाट लागायचा, मोहतूर व्हायचा. बहुजनांत ही रीत सर्रास होती. केशवपन आमच्यात नव्हतं. म्हणजे एका बाबतीत आमच्या बायका पेठेतल्या बायकांपेक्षा मोकळ्या होत्या. मग घरात चार पैसे आले, पोरं शिकली, आणि "वरच्यांसारखं" वागायची हौस आली. पाट बंद झाले. पेठेतल्या बायका ज्या खोलीतून धडपडून बाहेर पडत होत्या, त्या खोलीत आमची माणसं मानाने शिरत होती!

हिंगण्याच्या आश्रमाचं दारही सुरुवातीला वरच्या जातींच्या बायकांसाठीच उघडलेलं होतं. दलित मुलामुलींसाठी वेगळी माणसं उभी राहावी लागली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, पुण्यात तिची शाखा आली, पुढे नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. शिंद्यांच्या बहीण जनाबाई याच कामात राबल्या. नाना पेठ आणि सदाशिव पेठ यांच्यात अंतर फार नाही, पण एका पेठेची संस्था दुसऱ्या पेठेत जायला फार वर्षं लागली. आता सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेच्या बायका वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन बचत गट चालवतात. १९०० साली हे कोणाला सांगितलं असतं, तर हसले असते.

आता आजच्याकडे. अनाथ गेला, पण निराधार आला. आपल्यापैकी कितीजणींनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला आहे! १९८० पासूनची ही योजना. महिन्याला मिळणारी रक्कम आता दीड हजार झाली आहे. त्यासाठी घराचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, अशी अट आपण वर्षानुवर्षं पाहत आलोय. एकवीस हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. रोजगार हमीवर वर्षात शंभर दिवस गेली, तरी बाई या आकड्याच्या पुढे जाते. म्हणजे मदत हवी तर कामाला जाऊ नको, किंवा गेलीस तरी सांगू नको. सात घरांनी पान वाढताना दाखला मागितला नव्हता, हे खरं. पण ते पान सगळ्यांना वाढलं जात नव्हतं, आणि ही योजना जात विचारत नाही, हेही खरं. दोन्ही खरं आहे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. करोनात कितीतरी तरुण बायका एकट्या पडल्या होत्या, तो घाव ताजा होता. १७ मेला सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एकीकडे मुरूडच्या गावकऱ्यांचा ठराव, एकीकडे हेरवाडचा. मध्ये सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, विधवा या शब्दाऐवजी "गंगा भागिरथी" म्हणावं अशी सूचना आली आणि बायकांच्या संघटनांनी ती उडवून लावली. बाईला पाटी कुठली लावायची, याच्याच बैठका होतात. तिच्या नावावर जमीन कधी लागणार, याच्या कमी.

आपल्या त्या ताईकडे गेले होते मी, पुण्याहून आल्यावर. सचिवताईही बरोबर होत्या. तिने चहा केला आणि फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सातबाऱ्याचा जुना उतारा. वारस नोंदीचा अर्ज अजून दिलेला नाही. दीर म्हणतात, "घाई काय आहे? आम्ही आहोत ना." १९५६ च्या कायद्याने नवऱ्याच्या वाट्यात बायको मुलांच्या बरोबरीची हक्कदार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही तिथेच बसून अर्ज लिहिला. तलाठ्याकडे जायला सचिवताई तिच्याबरोबर जाणार आहेत. नोंदीची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं आहे.

हळदीकुंकवाचं मी बोलले. माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे ताई, बोलावलं असतं तरी मी आले नसते या वर्षी." मग थोड्या वेळाने, कप विसळता विसळता, म्हणाली, "पुढच्या वर्षी विचारा."

हप्ते का थकले, तेही कळलं. बैठक मंगळवारी दुपारी दोनला. मंगळवारी दुपारी ती दुसऱ्याच्या शेतात कांदा काढायला असते. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून बैठकीला येणं तिला परवडत नाही, आणि हप्ता दुसरीच्या हाती पाठवलेला चालत नाही, कारण तसा नियम आहे. तोही माझ्याच हातचा.

दंडाचं अजून ठरलेलं नाही. तिघींचं म्हणणं आहे, एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील, आणि त्यात तथ्य आहे. पुढची बैठक मंगळवारीच आहे, फक्त संध्याकाळी सातला, देवळाच्या ओट्यावर. वह्या बरोबर आणा.